घरात चोरी झाली तर ठसे कसे जपायचे आणि त्या ठशांवरून पोलिस माणसापर्यंत कसे पोचतात

घरफोडी झालीय हे कळलं की घरातली माणसं आधी कपाट उघडून काय काय गेलं ते बघतात, मग शेजारचे येतात, ते पण उघडून बघतात, कुणीतरी खाली पडलेले डबे उचलून ओट्यावर ठेवतं, कुणी चहा टाकायला घेतं, आणि पोलिस येईपर्यंत चोराने जिथे जिथे हात लावला तिथे आठ-दहा जणांचे हात फिरून झालेले असतात. मी फॉरेन्सिकच्या मुलांना ठसे शिकवते आणि दरवर्षी त्यांना हेच सांगते की ठशाची केस ठसेतज्ज्ञ दारात पोचायच्या आधीच निम्मी ठरलेली असते. म्हणून हे सगळं पोलिसांच्या बाजूने न सांगता तुमच्या दारापासून सुरू करते, म्हणजे तुम्ही काय करायचं, मग ते लोक येऊन काय करतात, आणि तो ठसा शेवटी काय सिद्ध करतो नि काय करत नाही.

कुलूप तुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका. चोर अजून आत असू शकतो हे एक, आणि कडी-कोयंडा, दाराची कड यांना त्याचा हात लागलेला असतो हे दुसरं. बाहेरूनच ११२ ला फोन लावा. आत कुणी जखमी असेल तर मात्र ठसेबिसे विसरा, आधी माणूस, त्याला बाहेर काढताना तुमचा हात कुठे कुठे लागला ते नंतर सांगितलं की झालं. रात्री सगळे झोपलेले असताना चोरी झाली आणि सकाळी उठल्यावर कळलं असं पण खूपदा होतं, तेव्हा सगळ्यांना अशा खोलीत बसवा जिथे चोर गेलेला दिसत नाही. कपाट उघडं असेल तर लांबून बघा, मोबाइलवर फोटो काढा. बंद असेल तर बंदच राहू दे, दागिन्यांची यादी तासाभराने केली तरी चालते. एटीएम कार्ड ब्लॉक करायला कपाट उघडावं लागत नाही, ते लगेच करून टाका. दिवा लावायचा असेल तर बटण पेनाच्या मागच्या टोकाने दाबा.

शेजारी धावून येतात ते चांगलंच आहे पण त्यांना जिन्यातच थांबवा. त्यांना वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही आणि मग सगळी बिल्डिंग बेडरूममध्ये उभी असते. एखाद्या काकांना सांगा की काका, पोलिस येईपर्यंत कुणाला आत सोडू नका, जबाबदारी दिली की माणूस ती मनापासून पार पाडतो.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकते. रुमालाने धरून वस्तू उचलली की ठसा वाचतो असं खूप लोकांना वाटतं. रुमालामुळे तुमचा ठसा उमटत नाही एवढंच, चोराचा मात्र कापड घासून पुसला जातो. हातमोजे घातले तरी तेच. उचलूच नका.

ठसा म्हणजे मुळात काय असतं ते बघा. बोटांच्या टोकाला ज्या बारीक उंच रेषा असतात त्यांच्यावर घामाची छिद्रं असतात, त्या घामात पाणी, क्षार, अमिनो अ‍ॅसिड असतं, आणि आपण दिवसभर तोंडाला, केसाला हात लावतो तेव्हा तेल पण लागतं. हे सगळं मिळून वस्तूवर रेषांची नक्कल उमटते, बहुतेक वेळा डोळ्याला न दिसणारी. रक्ताने, रंगाने माखलेल्या बोटाचा ठसा सरळ दिसतो. साबण, मेण, ओली पुट्टी यात बोट रुतलं तर तो खोलगट उमटतो. आपल्याकडे घटनास्थळावर सापडणाऱ्या ठशाला पोलिसांत चान्स प्रिंट म्हणतात.

चांगला ठसा मिळतो तो गुळगुळीत गोष्टींवर. काच, आरसा, टाइल्स, पॉलिश केलेलं लाकूड, ऑइलपेंट मारलेलं लोखंडी कपाट, आणि आपल्या स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे. तांदळाच्या डब्यात दागिने ठेवायची सवय चोरांना पक्की माहीत असते, ते डबे उपसतात आणि झाकणाच्या आतल्या बाजूला अंगठा उमटवून जातात, आणि बाई काय करते तर सांडलेले तांदूळ भरून झाकण लावून टाकते. तसं करू नका. चोर पाणी पण पितात, फ्रिजमधली बाटली, ग्लास, हे पण राहू दे. खिडकीची काच काढून आत आला असेल तर त्या काचेच्या एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला बोटं असा पूर्ण पकडलेला हात मिळू शकतो, त्यासारखी गोष्ट नाही. चुना मारलेली भिंत, खडबडीत दगड, पडदे, चादर यावर फार आशा ठेवू नका. पावसाळ्यात खिडकी किंवा गाडी ओली असेल तर फडक्याने पुसू नका, हेअर ड्रायर पण लावू नका, तशीच ठेवा, ओल्या पृष्ठभागावरचा ठसा काढायची वेगळी पद्धत असते.

तुम्हाला बघायचंच असेल तर हात मागे बांधून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, काचेला जवळजवळ समांतर. समोरून उजेड मारला तर काही दिसत नाही, तिरक्या उजेडात ठसा धुरकट डागासारखा उठून दिसतो. दिसला तर जागा सांगा, तोंडाने वाफ मारून बघत बसू नका कारण त्याच जागी डीएनए पण असू शकतो आणि तुमची थुंकी त्यात मिसळते.

ठसेतज्ज्ञ आले की त्यांना नुसतं "चोरी झाली" सांगू नका. कुठली वस्तू जागेवरून हलली आहे, कुठली वस्तू तुमची नाहीच, आणि चोराला हात लावल्याशिवाय पुढे जाताच आलं नसतं अशी जागा कुठली, ते सांगा. अजून एक गोष्ट जी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही ती म्हणजे शेवटचं पुसलं कधी. ठसा किती दिवसांचा आहे हे ठशाकडे बघून खात्रीने सांगायची पद्धत आजही नाही. पण घरातली बाई म्हणाली की हा आरसा मी काल संध्याकाळी ओल्या फडक्याने लख्ख पुसला होता, तर त्यावरचा ठसा काल संध्याकाळनंतरचाच ना. ही माहिती कुठल्याही मशिनमध्ये मिळत नाही, ती फक्त तुमच्याकडे असते, म्हणून जबाबात ती लिहून घ्यायला लावा.

आता ते काय करतात ते जवळून बघा, म्हणजे त्यांना घाई करू नका असं का म्हणते ते कळेल. समजा पांढरट रंगाचं लोखंडी कपाट आहे. आधी टॉर्चने हँडलच्या आजूबाजूचा भाग बघतात कारण हँडलवर तर रोज घरच्यांचे ठसे एकावर एक बसलेले असतात, तिथे काही मिळत नाही, पण दार वाकवताना दुसरा हात ज्या ठिकाणी टेकवला असेल तिथे तळहात मिळू शकतो. मग ब्रशवर थोडीशी काळी पावडर, ब्रश झटकायचा, आणि नुसती टोकं टेकतील न टेकतील अशी फिरवायची. घामाच्या ओलीला पावडर चिकटते, मधल्या खोबणी मोकळ्या राहतात. रेषा दिसायला लागल्या की ब्रश आडवा फिरवायचा नाही, रेषा ज्या बाजूला वळतात त्याच बाजूला फिरवायचा, आणि थांबायचं कधी हे कळणं सगळ्यात अवघड, कारण दोन हात जास्त झाले की खोबणी भरतात आणि चांगला ठसा काळा डाग होऊन बसतो. गडद पृष्ठभाग असेल तर पांढरी किंवा राखाडी पावडर. मग टेप लावायच्या आधी फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून, कॅमेरा अगदी सरळ धरून, कारण टेपने ठसा उचलताना तो बिघडू शकतो आणि मग हातात फोटोच उरतो. त्यानंतर टेप एका कडेने दाबत दाबत लावायची, आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढ्या रेषा गेल्या. उचललेली टेप कार्डवर, आणि कार्डवर गुन्हा नंबर, तारीख, नेमकी जागा, वरची बाजू कुठली त्याचा बाण, सह्या. पंचनाम्यात पण तीच जागा त्याच शब्दांत यायला हवी. कोर्टात आरोपीचा वकील पहिला वार इथेच करतो.

कागदावर पावडर फारशी चालत नाही, तिथे निनहायड्रिन वापरतात, ते अमिनो अ‍ॅसिडशी मिळून जांभळे ठसे उठवतं आणि पूर्ण रंग यायला कधी कधी दिवस जातात, त्यामुळे धमकीची चिठ्ठी वगैरे असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जिथे आहे तिथेच राहू दे. प्लास्टिक, पिस्तूल, बाटली अशा गोष्टी बंद पेटीत ठेवून सुपरग्लूची वाफ देतात, त्याने पांढरा कडक ठसा तयार होतो. चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर जेन्शियन व्हायोलेट आणि रक्तातल्या फिकट ठशांवर अमिडो ब्लॅक हे रंग वापरतात.

हे घरी थोडंफार करून बघता येतं आणि मुलांसोबत नक्की करा. पेन्सिलचं शिसं ब्लेडने खरवडून एकदम बारीक पूड करा, नाकाजवळून बोट फिरवून एका स्वच्छ काचेच्या ग्लासावर अंगठा दाबा, मेकअपच्या मऊ ब्रशने ती पूड हलक्या हाताने फिरवा, सेलोटेप लावून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. आता भिंग घ्या, किंवा मोबाइलने फोटो काढून झूम करा. रेषा एका बाजूने येऊन वळसा घेऊन त्याच बाजूला परत जात असतील तर लूप, जगात साधारण ६० ते ६५ टक्के ठसे या प्रकारचे असतात. गोल गोल फिरत असतील, ज्याला घरात चक्र म्हणतात, तर व्होर्ल, ३० ते ३५ टक्के. एका बाजूने येऊन मधे उंचवटा करून सरळ दुसऱ्या बाजूला गेल्या तर आर्च, जेमतेम ५ टक्के. पण याने माणूस ओळखता येत नाही, याने फक्त नकार देता येतो, म्हणजे घटनास्थळावर आर्च आहे आणि संशयिताच्या दहाही बोटांवर एकही आर्च नाही तर ही बोटं त्याची नाहीत. ओळख पटते ती बारीक खुणांवर. एकच रेष धरा आणि तिच्या मागे मागे जा. कुठेतरी ती अचानक संपते, कुठे तिला दोन फाटे फुटतात, कुठे फाटे फुटून परत जुळतात आणि मधे छोटं तळं तयार होतं, कुठे नुसता एक ठिपका असतो. अशा खुणा एकमेकांपासून किती रेषा लांब आणि कुठल्या दिशेला आहेत त्याची जी मांडणी, ती खरी ओळख. ती आईच्या पोटातच तयार होते, सहाव्या महिन्यापर्यंत पक्की होते आणि मरेपर्यंत बदलत नाही, फक्त खोल जखमेचा व्रण पडला तर तो नवीन खूण म्हणून राहतो. जुळ्या भावांचे सुद्धा ठसे वेगळे असतात. गवंडीकाम, चुन्याचं काम करणाऱ्यांच्या रेषा घासून पुसट होतात पण काम सुटलं की परत येतात.

संशयित पकडलेला असेल तर काम सरळ आहे, त्याच्या दहा बोटांची पत्रिका घेतात, शाई लावून बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवून (अंगठे शरीराच्या दिशेने, बाकी बोटं बाहेरच्या दिशेने, म्हणजे हात ताठरत नाही) किंवा आता बऱ्याच ठिकाणी स्कॅनरवर. पण संशयितच माहीत नसेल तर? तेव्हा कॉम्प्युटर लागतो. महाराष्ट्रात अँबिस नावाची सिस्टिम आहे, त्यात बोटं, तळहात, चेहरा, डोळ्याची बुबुळं सगळं असतं, आणि देशपातळीवर एनसीआरबीची, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, नॅफिस, जी २०२२ मध्ये सुरू झाली आणि अटक झालेल्या प्रत्येकाला १० आकडी नंबर देते, म्हणजे नाशिकला सापडलेला ठसा सुरतमध्ये पूर्वी पकडलेल्या माणसाशी जुळवता येतो. सिरियलमध्ये दाखवतात तसं स्क्रीनवर लाल अक्षरात एकच नाव येत नाही. सिस्टिम जवळपास जुळणाऱ्यांची यादी देते, गुणांच्या क्रमाने, आणि मग माणूस बसून एकेक ठसा डोळ्याने तपासतो. पद्धत अशी की आधी घटनास्थळावरचा ठसा एकटाच नीट वाचायचा, खुणा टिपायच्या, मगच संशयिताचा ठसा बाजूला घ्यायचा, कारण उलटं केलं की जे नाही ते दिसायला लागतं. निष्कर्ष काढला की दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे परत तपासायचं. किती खुणा जुळल्या की पुरे याचा जगभर एक आकडा नाही, इंग्लंडमध्ये १६ चा नियम होता तो त्यांनी २००१ मध्ये काढून टाकला. मात्र एक जरी खरा फरक सापडला ज्याचं कारण देता येत नाही, तर बाकी कितीही जुळू दे, तो माणूस नाही.

ही सगळी व्यवस्था आपल्याच देशात उभी राहिली याचा मला फार अभिमान आहे. जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र १८९७ मध्ये कलकत्त्यात निघालं, आणि लाखो पत्रिकांमधून एक पत्रिका हाताने शोधता येईल अशी १,०२४ कप्प्यांची वर्गवारी बंगालचा तेव्हाचा पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्री याच्या नावाने ओळखली जाते तिच्यामागचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन पोलिस अधिकाऱ्यांचं होतं. स्कॉटलंड यार्डाने, म्हणजे लंडनच्या पोलिसांनी, ती १९०१ मध्ये घेतली.

त्याच कलकत्त्याच्या केंद्राकडे जलपायगुडीच्या एका चहाच्या मळ्यातल्या मॅनेजरच्या खुनाची केस आली. तिथे सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताचा ठसा होता, तो पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या त्याच्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. १८९८ च्या त्या खटल्यात त्याला शिक्षा झाली ती चोरीची, खुनाची नाही. अंगठा त्याचा होता यावर कोर्टाने विश्वास ठेवला, पण गळा त्यानेच चिरला हे अंगठा सांगत नव्हता. मला वाटतं ठशाबद्दल समजून घ्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या इतक्या जुन्या केसमध्येच आलेली आहे. ठसा सांगतो की या बोटाने या वस्तूला हात लावला. कधी, का, कशासाठी, ते बाकीच्या पुराव्यावरून काढावं लागतं. म्हणून दाराबाहेर सापडलेला ठसा कमकुवत (कुरियरवाला पण असेल) आणि तिजोरीच्या आतल्या पत्र्यावरचा ठसा जबरदस्त. ओल्या रक्तात उमटलेला ठसा तर वेळ पण सांगून जातो.

आणि तज्ज्ञ चुकतात. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, डिटोनेटरच्या (बॉम्ब उडवायच्या कांड्यांच्या) पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या एका वकिलाचा आहे असं एफबीआय या अमेरिकेच्या तपास संस्थेने खात्रीने सांगितलं, त्याला दोन आठवडे कोठडीत ठेवलं, आणि मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा अल्जीरियाच्या एका माणसाचा असल्याचं दाखवलं. एफबीआयला माफी मागावी लागली. दोन ठशांत खूप साम्य होतं, कॉम्प्युटरच्या यादीत असं साम्य असलेलेच लोक वर येतात, आणि पहिल्याचं मत कळलेला दुसरा तज्ज्ञ तेच बघतो. त्यामुळे तुमच्या ओळखीच्या कुणावर केवळ ठशावरून आरोप असेल तर वकिलाला सांगून अहवालासोबत मोठे केलेले फोटो आणि खुणा मागा. तज्ज्ञाचा अहवाल हे कायद्याने मत आहे, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ३९, आणि मताची उलटतपासणी होऊ शकते.

लोक नेहमी विचारतात की आधारमध्ये सगळ्यांचे ठसे आहेतच मग पोलिस तिथे का शोधत नाहीत. हे खरंच करून बघायचा प्रयत्न झाला होता आणि तो गोव्यात. २०१३ मध्ये वास्कोच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, सीबीआयकडे घटनास्थळावरचे ठसे होते पण माणूस नव्हता, त्यांनी गोव्यातल्या लोकांचा आधारचा बायोमेट्रिक डेटा मागितला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च २०१४ मध्ये कोर्टाने संमतीशिवाय असा डेटा द्यायला मनाई केली. पुढे २०१६ च्या आधार कायद्यात पण बोटांचे ठसे आणि बुबुळं कुणालाच द्यायची नाहीत असं आलं. त्या लहान मुलीचा विचार केला की राग येतो आणि कुठल्याही मार्गाने शोधा असं वाटतं, तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण एका राज्यातल्या सगळ्या लोकांना संशयित धरून शोध घेतला की चुकून साम्य असलेला कुणीतरी नक्की वर येणार, माद्रिदसारखा.

तुमचे स्वतःचे ठसे मागितले तर दोन वेगळ्या गोष्टी असतात. चोरी तुमच्या घरी झाली असेल तर घरच्यांचे, कामवाल्या मावशींचे, परवा येऊन गेलेल्या सुताराचे ठसे मागतात ते तुमचे वगळून चोराचे उरावेत म्हणून. ते द्या, आणि मावशींना आधी नीट समजावून सांगा की त्यांच्यावर संशय नाही, कुणी सांगत नाही म्हणून त्या घाबरतात आणि गावी निघून जातात नि मग खरंच संशय येतो. दुसरी गोष्ट अटकेची. २०२२ चा क्रिमिनल प्रोसिजर आयडेंटिफिकेशन कायदा, ज्याने १९२० चा जुना कायदा बदलला, त्याखाली अटक झालेल्याचे ठसे घेता येतात, नाही म्हणणं हा गुन्हा आहे, आणि रेकॉर्ड ७५ वर्षं राहतं. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि खटल्याशिवाय सुटका झाली, आरोपमुक्त केलं किंवा निर्दोष सुटलात, तर सगळी अपिलं संपल्यावर ते रेकॉर्ड नष्ट करायचं असं त्याच कायद्यात आहे, कोर्टाने लेखी कारण देऊन वेगळं सांगितलं नाही तर. ते झालं का याचा पाठपुरावा वकिलामार्फत करा. ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं होत नाही का, हा प्रश्न १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात ११ न्यायाधीशांच्या खंडपीठाने सोडवलाय, होत नाही असं उत्तर आहे.

पोलिस गेले आणि आवरायला परवानगी मिळाली की काळी पावडर आधी ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते आणि भिंतीचा रंग खराब होतो. कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा, मग साबणाचं पाणी. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घ्या, आणि चान्स प्रिंट मिळाले का, किती मिळाले, सिस्टिममध्ये टाकले का, हे तपास अधिकाऱ्यांना नावानिशी विचारा. आज न जुळलेला ठसा सिस्टिममध्ये पडून राहतो आणि पुढे नवीन अटक झालेल्यांच्या बोटांशी परत ताडून बघता येतो, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी पण फोन येऊ शकतो. घर बदललंत किंवा मोबाइल नंबर बदलला तर तेवढं पोलिस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या.